सोमवारच्या रात्री आणि एक चिनी झांज : ड्रमवादक मेल लुईस

न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवर ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचे एक तळघर आहे. रस्त्यावरून अरुंद जिना उतरला की बुटक्या छताची, त्रिकोणी आकाराची एक खोली लागते. जेमतेम सव्वाशे माणसे मावतील एवढीच तिची ऐपत. मॅक्स गॉर्डन या गृहस्थांनी १९३५ साली ही जागा सुरू केली आणि पुढे जॅझ संगीताच्या जगात तिला देवस्थानाचे माहात्म्य आले. ७ फेब्रुवारी १९६६ रोजी, एका सोमवारी रात्री, या खोलीच्या टोकाला असलेल्या इवल्याशा मंचावर सतरा-अठरा वादक खांद्याला खांदा लावून बसले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोनच्या रांगा, पियानो, डबल बेस आणि ड्रम. सोमवार हा अशा ठिकाणी मंदीचा दिवस, म्हणूनच तो या नव्या वाद्यवृंदाला मिळाला होता. वाद्यवृंदाचे नेते दोघे होते : संगीतकार आणि ट्रम्पेटवादक थॅड जोन्स, आणि ड्रमवर बसलेले मेल लुईस.

एवढ्याशा खोलीत आठ-नऊ पितळी वाद्ये एकदम फुंकली गेली तर श्रोत्यांचे कान बधिर व्हायला वेळ लागू नये. त्यांच्या वर जाण्याच्या ईर्षेने ड्रमवादकही बडवू लागला तर संगीत उरतच नाही. लुईस यांनी या अडचणीतून काढलेली वाट त्यांच्या उजव्या हाताला, सर्वांत बाहेरच्या बाजूला टांगलेली असे. २२ इंच व्यासाची, काठ उलटा वळवलेली, काठाजवळ सैल खिळे बसवलेली एक झांज. ड्रमवादकांच्या बोलीत अशा झांजेला ‘चायना’ म्हणतात. लुईस यांची झांज ‘स्विश’ या तिच्या चुलत प्रकारातली होती.

झांज आपल्याला नवी नाही. गोव्यातल्या घुमट आरतीत कासाळे वाजते, भजनात टाळ वाजतात, आणि ही सारी वाद्ये ज्या काशाची घडवतात तोच तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू पाश्चात्त्य ड्रमच्या चांगल्या सिंबलांतही असतो. त्यांत साधारण ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथिल. फरक आकाराचा. नेहमीच्या सिंबलला मध्यभागी छोटी घुमटी असते आणि तिथून काठापर्यंत एकच सलग उतार असतो. काठीचा आघात झाला की कंपने त्या उतारावर मोकळी पसरतात आणि लांब, चकचकीत नाद उमटतो. चिनी सिंबलच्या काठाला मात्र कारागिराने उलटा मुरका दिलेला असतो. टोपीची कड वर दुमडावी तसा. या मुरक्यामुळे कंपनांची वाट मोडते. नाद एकसंध न राहता विस्कटतो, त्याला एक खरखर येते. तो झटकन उसळतो आणि झटकनच विरतो. प्रथम ऐकणाऱ्याला स्वयंपाकघरात पातेल्यावरचे झाकण पडल्यासारखे वाटते, आणि पुष्कळांचे मत तिथेच कायमचे होऊन बसते. ही झांज स्टँडवर बहुधा उपडी लावतात, म्हणजे दुमडलेली कड खाली जाते आणि काठी धारेवर न बसता वळणाच्या पाठीवर बसते. तसे न केल्यास काठ्यांचा भुगा होतो.

मूळ चीनमध्ये ही झांज जोडीने वाजते. ऑपेरात, मंदिरांत, मिरवणुकांत. हूबेई प्रांतातले वूहान हे शहर तिच्या घडणीसाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी लोकांबरोबर ती तिकडे पोचली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, ड्रमसेट हे वाद्य अजून आकार घेत असताना, जॅझ वादकांनी तिची एक बाजू उचलून टांगली. चिनी ढोलकी आणि लाकडी ठोकळेही त्याच वाटेने आले. न्यू ऑर्लिन्सचे आद्य ड्रमवादक बेबी डॉड्स यांच्या संचात १६ इंची चिनी सिंबल होते. तुर्कस्तानच्या झिल्जियन घराण्याची सिंबले पुढे सर्वत्र पसरली आणि चायना मागे पडली. एखाद्या गाण्याच्या शेवटी दणका द्यायला, नाहीतर गंमत म्हणून, एवढाच तिचा उपयोग उरला. आज रॉक आणि मेटल संगीतातले ड्रमवादक तिच्यावर तुटून पडतात, तेही त्या दणक्यासाठीच. लुईस यांनी तिला वेगळ्याच कामाला लावले.

मेल्विन सोकोलॉफ हे त्यांचे जन्मनाव. १० मे १९२९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सॅम्युअल हे स्वतः व्यावसायिक ड्रमवादक. घरात वाद्य होते, ताल होता, आणि या धंद्यात पोट कसे भरते याचे धडेही होते. मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयात कार्यक्रम करू लागला. १९४८ मध्ये बॉयड रेबर्न यांच्या वाद्यवृंदात तो दाखल झाला आणि त्यानंतर अल्विनो रे, रे अँथनी, टेक्स बेनेकी अशा नृत्य-वाद्यवृंदांतून गावोगाव हिंडला. याच काळात सोकोलॉफचे लुईस झाले. मुंबईच्या बड्या हॉटेलांत आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी जे बिग बँड संगीत गाजवले, त्याचे गोत्र हेच. संध्याकाळी सूट घालून बसायचे, पुढ्यातली स्वरलिपी अचूक वाजवायची, लोकांना नाचवायचे आणि रात्री पुढच्या गावची बस पकडायची.

१९५४ साली स्टॅन केंटन यांनी त्यांना बोलावले. केंटन यांचा वाद्यवृंद म्हणजे पितळी वाद्यांची जणू तोफखाना पलटण. अशा ठिकाणी ड्रमवादक दांडगा हवा, अशी सर्वांची समजूत. लुईस काही दांडगे नव्हते आणि त्यांना तसे व्हायचेही नव्हते. चार-पाच जणांच्या छोट्या संचात ड्रमवादक जसा ऐकून, सावधपणे, सोबत्याच्या प्रत्येक वळणाला उत्तर देत वाजवतो, तसेच त्यांनी त्या पलटणीमागे वाजवले. १९५५ च्या ‘कंटेम्पररी कन्सेप्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेत ते स्वच्छ ऐकू येते. संगीत एरवी अवजड वाटले असते, तिथे ते चालू लागते, आणि ते कशामुळे चालते हे मात्र मुद्दाम कान दिल्याशिवाय उमगत नाही. त्या काळात बिग बँडच्या ड्रमवादकाची प्रतिमा जीन क्रुपा आणि बडी रिच यांनी घडवलेली होती. घामाने न्हालेला, वेगाने डोळे दिपवणारा, मंचाचा राजा. लुईस यांच्यापाशी यातले काहीच नव्हते. खांदे पाडून, चेहऱ्यावर काही न दाखवता ते बसत.

१९५७ मध्ये ते लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. तिथे स्टुडिओचे काम भरपूर होते. व्हायब्राफोनवादक टेरी गिब्ज यांच्या वाद्यवृंदातले त्यांचे वादन आजही नावाजले जाते. लुईस यांच्या पाय घासत चालण्याच्या लकबीवरून गिब्ज यांना आपल्या ओळखीचा एक शिंपी आठवला आणि त्यांनी लुईस यांचे नावच ‘शिंपी’ ठेवून दिले. ते जन्मभर चिकटले. नाव थट्टेत पडले असले तरी वाद्यवृंदातल्या लोकांना ते पटले असणार. वादकाच्या अंगाला बेतून ताल शिवावा असेच त्यांचे काम होते.

१९६० पासून गेरी मलिगन यांच्या वाद्यवृंदासाठी ते देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर येऊ-जाऊ लागले. मधल्या काळात डिझी गिलेस्पी यांच्याबरोबर युरोपचा दौराही झाला. आपल्या मागे खिळ्यांची, सळसळणारी चिनी झांज वाजत राहावी याचा गिलेस्पी यांना भारी सोस होता. बाकी लोक जिला कर्कश म्हणून बाजूला सारत होते, तिच्या आवाजावर बसून हा विलक्षण ट्रम्पेटवादक गगनाला भिडत असे.

१९६२ च्या उन्हाळ्यात बेनी गुडमन यांच्याबरोबर लुईस सोव्हिएत रशियात गेले. शीतयुद्ध ऐन भरात होते. मॉस्कोतल्या पहिल्या मैफलीला खुद्द निकिता ख्रुश्चेव्ह हजर होते. गुडमन आणि त्यांचे वादक यांच्यात त्या दौऱ्यात सतत कुरबुरी चालल्या, तो इतिहास पुढे बराच लिहिला गेला आहे. मला त्यापेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहते. ज्या देशातून सोकोलॉफ कुटुंब बाहेर पडले होते, त्याच देशात त्यांचा मुलगा अमेरिकेचा सांस्कृतिक पाहुणा म्हणून ड्रम वाजवायला गेला होता. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, तो पुन्हा गेला, तेव्हा वाद्यवृंदाच्या नावात त्याचे स्वतःचे नाव होते.

१९६३ मध्ये लुईस न्यूयॉर्कला आले. त्याच वर्षी थॅड जोन्स यांनी काउंट बेसी यांचा वाद्यवृंद सोडला. पियानोवादक हँक आणि ड्रमवादक एल्विन हे जोन्स यांचे सख्खे भाऊ, म्हणजे जॅझमधले थोर घराणेच. बेसी यांनी थॅडकडून एका ध्वनिमुद्रिकेसाठी रचना मागवल्या होत्या, पण त्या आपल्या प्रकृतीच्या नाहीत म्हणून बाजूला ठेवल्या. त्या नाकारलेल्या कागदांतूनच नव्या वाद्यवृंदाचा संसार उभा राहिला. न्यूयॉर्कचे उत्तमोत्तम वादक दिवसभर रेडिओ, दूरचित्रवाणी आणि जाहिरातींच्या स्टुडिओत अडकलेले, म्हणून तालमी मध्यरात्री होत. मानधन नाममात्र. पोटापाण्याचे वाजवून झाल्यावर मनाचे वाजवायला ही मंडळी जमत होती. एक नेता कृष्णवर्णीय, एक गौरवर्णीय, आणि रांगांतही दोन्ही रंगांचे वादक. १९६६ च्या अमेरिकेत हे चित्र अजून सवयीचे झालेले नव्हते. त्या दोघांनी मात्र त्याचा कधी डंका पिटला नाही.

गॉर्डन यांनी सुरुवातीला काही सोमवारांपुरतीच जागा देऊ केली होती. पुढे सोमवार मोजायचे कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

आता त्या झांजेकडे परत येऊ. लुईस यांच्या संचात मोठी सिंबले तीन : उजवीकडे २१ इंची, डावीकडे १९ इंची आणि सर्वांत उजवीकडे ती २२ इंची खिळ्यांची. तिन्ही पातळ, तिन्हींचा आवाज गडद. त्यांच्या लेखी ताल धरण्याचे सिंबल एक आणि दणक्याचे दुसरे अशी विभागणी नव्हती, प्रत्येकावर ताल चालला पाहिजे. एकल वादन करणारा बदलला की त्याच्यामागचे सिंबल बदले, जणू पुढच्या माणसासाठी मागचा पडदा बदलावा. आणि सगळा वाद्यवृंद एकदम उसळे, ट्रम्पेट आपल्या सर्वांत वरच्या पट्टीत शिरत, तेव्हा लुईस यांचा हात चायनाकडे वळे.

हे दिसायला उफराटे आहे. गोंगाट वाढला असता सर्वांत खरखरीत झांज कशाला घ्यावी? पण त्यामागचा विचार कानाचा होता. ट्रम्पेट वर चढले असताना तेजस्वी, उंच आवाजाचे सिंबल वाजवले तर दोघेही एकाच जागेसाठी भांडतात. सिंबलचा झगमगाट ट्रम्पेटचे टोक झाकून टाकतो. चायनाचा आवाज खालच्या अंगाचा, धुरकट, काठाशी फाटलेला असतो. तो ट्रम्पेटच्या खाली पसरतो आणि वरची जागा त्यांना मोकळी सोडतो. आघात लगेच विरतो, म्हणून पुढच्या आघाताशी त्याचा चिखल होत नाही, आणि सैल खिळ्यांची मंद सळसळ दोन आघातांमधली पोकळी भरून काढते. कासाळ्याचा टोकदार नाद घुमटाच्या खर्जावर वेगळा उमटून आरतीची लय दाखवतो. लुईस यांच्या चायनाचे काम नेमके उलटे होते. तिने वेगळे ऐकू यायचेच नाही, सगळ्यांच्या खाली अंथरून राहायचे. कुणी तिला बेसूर म्हटले तर ते खरेच आहे, तिला ठाम असा सूर नाहीच, आणि म्हणूनच ती कुणाच्या सुराशी भांडत नाही.

साधनांच्या बाबतीत ते हट्टी होते. सर्व जग प्लॅस्टिकच्या पडद्यांकडे वळले, तरी उत्तरायुष्यात ते ड्रमच्या वरच्या बाजूला वासराचे कातडेच लावत. दमट हवेत ते सैल पडते, थंडीत ताणले जाते. ती कटकट त्यांना मान्य होती, पण तो कोरडा आवाज नको होता. सिंबले तुर्की हातांनी ठोकलेलीच हवीत हाही आग्रह. झिल्जियन यांचे इस्तंबूलमधले जुने काम बंद झाल्यावर तिथल्याच कारागिरांनी ‘इस्तंबूल’ या नावाने नवी सिंबले घडवायला घेतली, तेव्हा लुईस झिल्जियन सोडून त्यांच्याकडे वळले. आपल्या मतांविषयी ते तोंडाने फार मोकळे होते, समोरच्याला झोंबेल इतके. वादनात जो माणूस एवढी जागा सोडत असे, तो गप्पांत ती फारशी सोडत नसे.

१९७० ची ‘कन्समेशन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका बिग बँडच्या इतिहासात मानाची ठरली. ‘लाइव्ह इन म्युनिक’ या मुद्रिकेला १९७८ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणि नेमक्या त्याच सुमारास थॅड जोन्स निघून गेले. डेन्मार्कच्या रेडिओ वाद्यवृंदाचे आमंत्रण स्वीकारून ते अचानक कोपनहेगनला गेले. तेरा वर्षांची भागीदारी अशी संपली.

लुईस यांच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण प्रसंग. वाद्यवृंदाचे बहुतेक सारे संगीत जोन्स यांचे, मंचावर उभे राहून हातवारे करत वादकांना खेळवणारेही जोन्सच. लुईस संगीत लिहीत नसत. ज्याने सारी हयात दुसऱ्यांच्या खाली राहून त्यांना वर उचलले, त्याने आता एकट्याने पुढे यायचे होते. वाद्यवृंद मोडला असता तर कुणी दोष दिला नसता, स्टुडिओचे काम होतेच. पण पुढच्या सोमवारी ते नेहमीप्रमाणे आपल्या वाद्यामागे बसले. त्यांनी जुने मित्र बॉब ब्रुकमायर यांना बोलावले. ब्रुकमायर मूळच्या संचात ट्रॉम्बोन वाजवत, आता त्यांनी संगीत लिहायला घेतले. जोन्स यांच्या हसऱ्या, झुलत्या संगीतापेक्षा हे निराळे होते, गुंतागुंतीचे आणि कधी कधी कडूही. जुन्या श्रोत्यांना ते सहज पचण्यासारखे नव्हते. पण वाद्यवृंद जोन्स यांच्या आठवणींवर जगणारे दुकान झाला नाही, याचे श्रेय या निवडीला द्यावे लागते. जिम मॅक्नीली यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या संगीतकाराला इथेच वाव मिळाला.

ऑगस्ट १९८६ मध्ये जोन्स कोपनहेगनला वारले. दीड वर्षाने, फेब्रुवारी १९८८ मध्ये, लुईस यांनी व्हॅनगार्डमध्येच दोन मुद्रिकांची सामग्री ध्वनिमुद्रित केली. तीत सगळे संगीत जोन्स यांचे, आणि मुद्रिकांचे नावही जोन्स यांचेच. निघून गेलेल्या भागीदाराविषयी त्यांच्या मनात जे काही होते, त्याचा हिशेब त्यांनी असा वाजवून चुकता केला. त्या ध्वनिमुद्रणात ड्रम पुढे आलेले नाहीत, सगळी नजर रचनेवर राहते.

तोवर आजार अंगात शिरला होता. त्वचेचा कर्करोग आधी दंडावर दिसला, मग फुप्फुसात आणि शेवटी मेंदूत पोचला. या काळातले त्यांचे एक काम मात्र विसरण्यासारखे नाही. १९८९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर सॅक्सोफोनवादक लॉरेन शोनबर्ग यांच्यासह बसून त्यांनी जॅझ ड्रमवादनाचा इतिहास सांगितला. जुन्या तबकड्या एकामागून एक लावायच्या, आणि हा वादक काय करतो, कसे करतो, त्याच्या हाताखाली काय वाजते, हे कानाने दाखवायचे. स्वतःविषयी बोलायला हक्काची जागा होती, तिथे तासन्तास ते इतरांविषयी बोलले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मॅक्स गॉर्डन गेले. वाद्यवृंदाच्या चोविसाव्या वर्धापनाला पाच दिवस उरले असताना, २ फेब्रुवारी १९९० रोजी, मेल लुईस यांचे निधन झाले. वय साठ. वाद्यवृंदाने त्यांच्या जागी नवा नेता नेमला नाही. वादकांनी तो आपसांत चालवायचे ठरवले, आणि नावातून माणसाचे नाव काढून जागेचे ठेवले : ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’. त्यांच्या मैफलीचा वार अजूनही सोमवारच आहे.